पोटातले जिवाणू आणि नंदूची गाठ

पुणे

प्रिय शुभा,

तुझा निरोप आणि सोबतची बातमी काल रात्री वाचली. फोनवर दोन ओळींत उत्तर द्यावं असा हा विषय नाही, म्हणून आज सकाळची कामं बाजूला सारून पत्र लिहायला बसले आहे. बातमीच्या मागचे मूळ शोधनिबंध मिळाले तेवढे काढून वाचले. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणं थांबलं तरी वाचायची सवय आहे, आणि तुझा भाऊ नंदू काही मला परका नाही.

टोरांटोहून त्याच्यासाठी प्रोबायोटिक कॅप्सूल पाठवते म्हणालीस, तेव्हा निकाल आधी सांगते, कारणं मागून. कॅप्सूल पाठवू नकोस. आतड्यातले जिवाणू आणि मेंदूतला कॅन्सर यांचा संबंध आहे, त्यावर काम करणारी माणसं मातब्बर आहेत, आणि ते वाचताना मला जेवणाची आठवण राहिली नाही. पण त्यातून नंदूला आज द्यावं असं काही हाती आलेलं नाही. आपल्या मनाने दिलेली कॅप्सूल त्याला अपायही करू शकते.

आधी त्याची खुशाली. मागच्या रविवारी ठाण्याला जाऊन आले. सहा आठवड्यांचं रेडिएशन संपलंय. उजव्या बाजूचे केस गेलेत, टोपी घालून बसतो, पण माणूस तोच आहे. मधेच एखादा शब्द अडतो. मग तो हात हवेत फिरवत शब्द शोधतो आणि घरी त्याचं सगळं बघणारी मीनल शांतपणे थांबते, स्वतः शब्द पुरवत नाही. स्पीच थेरपिस्टने तिला तसं सांगितलंय. मला ते थांबणं फार जड गेलं, तिला आता जमतं.

सध्या टेमोझोलोमाइड या केमोच्या कॅप्सूल चालू आहेत, अठ्ठावीस दिवसांतले पाच दिवस. त्या पाच दिवसांत अख्खं घर त्या कॅप्सूलच्या घड्याळावर चालतं. सात वाजता जेवण, मग पोट रिकामं ठेवायचं, झोपायच्या आधी उलटी होऊ नये म्हणून ऑन्डान्सेट्रॉनची गोळी, थोड्या वेळाने कॅप्सूल, पेलाभर पाण्याबरोबर, न फोडता सबंध. मीनल हातमोजे घालून ती पाकिटातून काढते, औषध घरच्यांच्या हाताला लागू नये म्हणून. ऑन्डान्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होतं, त्याचा नंदूला त्रास आहे. "पोट साफ झालं ना वसुधाताई, की डोकंही हलकं वाटतं," असं तो मला म्हणाला. फ्रिजवर पाहुण्यांनी प्रेमाने आणलेल्या वस्तूंची रांग आहे: दोन तऱ्हांची प्रोबायोटिक पाकिटं, गव्हांकुराची पावडर, कसलासा काढा. मीनलने एकही उघडलेली नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही, असा तिचा नियम आहे. तो तू मोडायला लावू नकोस.

आता आजाराकडे येते. नंदूला झालेला ग्लायोब्लास्टोमा हा मोठ्या माणसांत मेंदूतच सुरू होणाऱ्या घातक गाठींपैकी सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. सर्जन दिसणारी गाठ काढतात, पण तिच्या पेशी हरळीच्या मुळ्यांसारख्या निरोगी भागात लांबवर शिरलेल्या असतात आणि मेंदूतून हवं तेवढं काही कापून काढता येत नाही. म्हणून मागोमाग रेडिएशन आणि केमो. आज नंदूला जे उपचार मिळताहेत त्यांचा पाया २००५ सालच्या एका चाचणीत आहे. रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांची तुलना केली. नुसतं रेडिएशन दिलेल्यांपैकी निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपेक्षा जास्त जगले, टेमोझोलोमाइड जोडल्यावर तो आकडा १४.६ झाला. हे वाचून तुझ्या पोटात गोळा येईल, मला ठाऊक आहे. पण त्याच चाचणीतला दुसरा आकडा जास्त बोलका आहे: दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं. निम्मे म्हणजे निम्मेच. उरलेले निम्मे त्या आकड्याच्या पुढे जातात, आणि कोण कुठल्या बाजूला असेल हे सुरुवातीला कुणी सांगू शकत नाही.

मग तू म्हणशील, इम्युनोथेरपीचं काय? इतर कॅन्सरमध्ये तिने चमत्कार केलेत. जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते त्याच विचारासाठी: आपल्या टी-पेशींना कॅन्सरने लावलेला ब्रेक सोडवायचा. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये अशी औषधं कित्येकांना लागू पडली. ग्लायोब्लास्टोमात मात्र निव्होलुमॅब या अशाच औषधाची मोठी चाचणी झाली तेव्हा परत उलटलेल्या गाठीच्या रुग्णांचं आयुष्य त्याने वाढलं नाही. याचं एक कारण असं की या गाठीत टी-पेशी फिरकतच नाहीत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की डोक्यात गाठ असली की टी-पेशी हाडांच्या मगजात अडकून पडतात, रक्तात उतरतच नाहीत. लढणारेच कोंडलेले, मग ब्रेक कोणाचा सोडवायचा? त्यात मेंदूची सूज उतरवायला दिलेलं डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड, प्रतिकारशक्ती आणखी दाबतं. ते घ्यावंच लागतं, त्याला इलाज नाही.

इथे आतडं गोष्टीत येतं. एका माणसाच्या अंगात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. हा २०१६ सालचा नीट मोजलेला अंदाज आहे. जिवाणू आपल्या पेशींच्या दहापट असतात हे जुन्या पुस्तकांतलं वाक्य आपणही परीक्षेत लिहिलं होतं, ते आता मागे पडलं. या सगळ्या जिवाणूंचं वजन भरतं जेमतेम दोनशे ग्रॅम, आणि बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा मोठा भाग त्याच आतड्याच्या भिंतीत राहतो आणि कोण आपलं, कोण परकं हे तिथेही शिकतो. म्हणून त्या शाळेत कोण शिकवतंय याला महत्त्व आलं.

शिकागोचा प्रयोग मी तुला सविस्तर सांगते, कारण सगळ्या विषयाची चावी त्यात आहे. थॉमस गायेव्स्की यांच्या प्रयोगशाळेत एकाच जातीचे उंदीर दोन वेगळ्या पुरवठादारांकडून येत. जनुकं सारखी, वय सारखं, मेलॅनोमाची गाठ सारखी रुजवलेली. तरी एका पुरवठादाराच्या उंदरांत गाठ हळू वाढायची, दुसऱ्याच्यात भराभर. मग त्यांनी दोन्ही उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले, आणि फरक नाहीसा झाला. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे आतड्यातले जिवाणू इकडून तिकडे गेले होते. शोध घेता घेता बायफिडोबॅक्टेरियम गटातले जिवाणू हाती लागले. ते नुसते तोंडाने दिले तरी गाठीला आळा बसला, आणि ब्रेक सोडवणारं औषध सोबत दिल्यावर गाठीची वाढ जवळपास थांबली. २०१५ सालची ही गोष्ट. त्याच वर्षी पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेत लोरान्स झिटवोगेल यांच्या गटाने दाखवलं की जिवाणूमुक्त उंदरांत इम्युनोथेरपीचं एक औषध कामच करत नाही. पुरवठादार बदलला म्हणून निकाल बदलला, ही एरवी कुणीही वहीत खोडून टाकली असती अशी अडचण. गायेव्स्कींच्या लोकांनी तिचाच पाठलाग केला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

माणसांतही पुढे तसंच दिसलं. २०१८ मध्ये तीन गटांनी सांगितलं की इम्युनोथेरपी लागू पडलेल्या आणि न पडलेल्या रुग्णांच्या आतड्यातले जिवाणू वेगळे असतात. पण गंमत बघ, तिघांच्या ‘चांगल्या’ जिवाणूंच्या याद्या जुळत नव्हत्या. पॅरिसवाल्यांना अकरमॅन्सिया महत्त्वाचा वाटला, ह्यूस्टनवाल्यांना फिकॅलिबॅक्टेरियम, शिकागोवाल्यांना बायफिडोबॅक्टेरियम आणि आणखी काही. मग २०२१ मध्ये इस्रायल आणि पिट्सबर्ग इथल्या डॉक्टरांनी धीट पाऊल टाकलं. औषध ज्यांना लागू पडलं नव्हतं अशा मेलॅनोमाच्या रुग्णांना, औषध लागू पडलेल्या रुग्णांची विष्ठा शुद्ध करून आतड्यात दिली आणि तेच औषध पुन्हा सुरू केलं. इस्रायलमध्ये दहापैकी तिघांच्या गाठी कमी झाल्या. पिट्सबर्गमध्ये पंधरापैकी सहा जणांना फायदा झाला. हे आकडे लहान आहेत, पण ज्यांच्या बाबतीत औषधाने हात टेकले होते त्यांच्यातले आहेत.

हे सगळं झालं मेलॅनोमाचं. मेंदू निराळा. त्याच्याभोवती रक्तवाहिन्यांचा असा बंदोबस्त आहे की रक्तातलं बरंचसं आत शिरत नाही. तरीही आतड्याचा हात तिथवर पोचतो. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये मार्को प्रिन्झ यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की जिवाणूमुक्त उंदरांच्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या पहारेकरी पेशी, अर्धवट वाढलेल्या राहतात. अशा उंदरांना पाण्यातून काही लहान फॅटी अ‍ॅसिडं दिली की त्या बऱ्याच अंशी सुधारतात. ही तीच अ‍ॅसिडं, जी आपण न पचवलेल्या तंतूंपासून आतड्यातले जिवाणू बनवतात. आता हे लक्षात घे की ग्लायोब्लास्टोमाच्या गाठीत एकूण पेशींचा मोठा हिस्सा, तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत, मायक्रोग्लिया आणि त्यांच्या रक्तातून आलेल्या भावंडांचा असतो. गाठ त्यांना फितवून आपल्या बाजूला वळवते. मग त्या पेशींचं पालनपोषण कुठल्या रसायनांवर होतं, हा प्रश्न फार मोठा होतो.

रोममध्ये २०२० साली उंदरांना गाठ रुजवण्याआधी दोन अँटिबायोटिक्स देऊन आतड्यातले जिवाणू विस्कटले, तर गाठ जास्त वाढली आणि कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या नॅचरल किलर पेशी मंदावल्या. अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात २०२१ मध्ये याच्याही पुढे गेले. पाच निरोगी माणसांच्या आतड्यातले जिवाणू वेगवेगळ्या जिवाणूमुक्त उंदरांना दिले आणि सगळ्यांच्या मेंदूत सारखीच गाठ रुजवली. इम्युनोथेरपीचं एकच औषध दोन माणसांच्या जिवाणूंचे उंदीर असलेल्या पिंजऱ्यांत लागू पडलं, तीन माणसांच्या पिंजऱ्यांत पडलं नाही. पाचही माणसं धडधाकट होती. म्हणजे ‘निरोगी आतडं’ असं एकच काही नसतं.

तुझ्या बातमीतलं काम बहुधा दक्षिण कोरियातलं आहे, देजॉनच्या केएआयएसटी संस्थेतलं. हंग क्यू ली यांच्या गटाने पाहिलं की उंदराच्या मेंदूत गाठ वाढली की त्याच्या आतड्यातले जिवाणू बदलतात आणि ट्रिप्टोफॅन हे अमिनो अ‍ॅसिड कमी होतं. ट्रिप्टोफॅन बाहेरून दिलं तर विशिष्ट जिवाणू परत वाढले, टी-पेशी अधिक हिरिरीने गाठीपाशी पोचल्या आणि इम्युनोथेरपी लागू पडली. बातमीत एवढंच आलं, आणि त्यावरून तू विचारलंस की नंदूला ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या द्याव्यात का.

शुभा, याच ठिकाणी मी तुला थांबवते. ट्रिप्टोफॅनचं एक जुनं प्रकरण आहे. २०११ मध्ये हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की मेंदूच्या अशाच गाठी स्वतः ट्रिप्टोफॅन घेऊन त्याचं काइन्युरेनिन बनवतात, आणि ते काइन्युरेनिन टी-पेशींना दाबतं, गाठीच्या पेशींना मात्र पसरायला मदत करतं. म्हणजे एकच कच्चा माल. आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती पडला तर त्यातून प्रतिकारशक्तीला साथ देणारे पदार्थ निघू शकतात, गाठीच्या हाती पडला तर तिचं हत्यार होतं. कोरियातल्या उंदरांत पहिली बाजू जिंकली. नंदूच्या डोक्यात कुठली जिंकेल, हे ट्रिप्टोफॅनच्या डबीवर लिहिलेलं नसतं. एरवीही अंडं, दूध, डाळ, शेंगदाणे यांतून ट्रिप्टोफॅन त्याला मिळतंच आहे.

त्याच प्रयोगशाळेचा दुसरा शोधनिबंध वाच, म्हणजे मला काय म्हणायचंय ते आणखी कळेल. तिथे उंदरांना भरपूर साखरेचं पाणी पाजलं, आणि आतड्यातले जिवाणू बदलून गाठीविरुद्धची प्रतिकारशक्ती वाढली! आणि इथे नंदूला रोज कोणी ना कोणी पाठवतंय की साखर पूर्ण बंद करा, कॅन्सर साखरेवर जगतो. उंदरांवरचा एक प्रयोग उचलून ताटात वाढायचा ठरवला तर एका निबंधाप्रमाणे साखर सोडावी लागेल आणि दुसऱ्याप्रमाणे सरबत पाजावं लागेल. दोन्ही प्रयोग प्रामाणिकपणे केलेले आहेत. ते नंदूसाठी केलेले नाहीत, इतकंच. उंदराच्या मेंदूतली ती गाठ प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींची, काही आठवड्यांत फोफावणारी. माणसातली गाठ काही महिने, कधी वर्षं आतल्या आत घडत आलेली, आणि एकाच गाठीत नाना तऱ्हेच्या पेशी.

माणसातला सगळ्यात रोमांचक पुरावा मला झुरिचचा वाटतो. रोलांड मार्टिन आणि मिरेया सोस्पेद्रा यांच्या गटाने २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये तो छापला. ग्लायोब्लास्टोमाच्या एका रुग्णाला त्याच्या गाठीवरून बेतलेली लस दिली होती. गाठ उलटल्यावर तिच्यातून टी-पेशी वेगळ्या काढून त्या नेमकं काय ओळखतात ते तपासलं. एक पेशी अशी निघाली की ती गाठीच्या प्रथिनांचे तुकडेही ओळखत होती आणि जिवाणूंच्या प्रथिनांचेही, त्यात आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंचेही होते. म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंशी ओळख झालेली टी-पेशी डोक्यातल्या गाठीवरही चालून जाऊ शकते. पुढेमागे कुठले जिवाणू कुठल्या रुग्णाला उपयोगी हे कळलं तर त्यातून उपचार निघेल. मला स्वतःला सर्वांत जास्त आशा याच वाटेने वाटते. पण तो रुग्ण एक होता, हेही तुला सांगायला हवं.

आणि या क्षेत्रात सगळं सोनं नसतं. कॅन्सरच्या गाठींत आणि रक्तात जिवाणूंच्या खुणा सापडतात, त्यावरून कुठला कॅन्सर आहे हे ओळखता येईल, असं सांगणारा २०२० सालचा एक गाजलेला निबंध होता. इतरांनी तीच माहिती पुन्हा तपासली तेव्हा जिवाणूंचे म्हणून मोजलेले पुष्कळ तुकडे प्रत्यक्षात माणसाच्याच डीएनएचे निघाले. २०२४ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. चूक शोधणारे आणि ती जाहीरपणे दाखवणारे लोक तिथे आहेत, म्हणूनच मी बाकीच्या कामावर विश्वास ठेवते. बातम्यांत मात्र पहिला निबंध येतो, मागे घेतल्याची बातमी क्वचितच येते.

आता तुझ्या कॅप्सूलकडे. २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत निरोगी माणसांना अँटिबायोटिक्स दिल्यानंतर काहींना बाजारातलं प्रोबायोटिक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. ज्यांना काही दिलं नाही त्यांचे स्वतःचे जिवाणू आधी परतले. प्रोबायोटिकवाल्यांचे कितीतरी उशिरा परतले, कारण बाहेरून आलेल्यांनी जागा अडवली होती. २०२१ मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधल्या गटाने इम्युनोथेरपी चालू असलेल्या मेलॅनोमाच्या रुग्णांचा आहार तपासला. दिवसाला निदान २० ग्रॅम तंतू खाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला, आणि त्यातही जे प्रोबायोटिक घेत नव्हते त्यांचं सगळ्यात बरं होतं. उंदरांत प्रोबायोटिक दिल्यावर औषधाचा असर चक्क कमी झाला. शिवाय टेमोझोलोमाइडने नंदूच्या पांढऱ्या पेशी, विशेषतः लिम्फोसाइट्स, उतरलेल्या आहेत. अशा माणसात तोंडाने दिलेला ‘चांगला’ जिवाणू क्वचित रक्तात शिरून संसर्ग करू शकतो. विष्ठा-प्रत्यारोपणाचा तर घरगुती विचारही नको. २०१९ मध्ये अमेरिकेत तपासणीतून सुटलेल्या औषध-प्रतिरोधक ई. कोलायमुळे अशा एका रुग्णाचा जीव गेला, आणि तोही नीट चाललेल्या संशोधनाच्या चौकटीत.

तू विचारलंस की टेमोझोलोमाइड पोटातल्या जिवाणूंवर अवलंबून असतं का. नाही. ते आतड्यातून रक्तात जातं आणि शरीराच्या सौम्य अल्कलीत आपोआप फुटून कामाला लागतं, त्याला ना यकृत लागतं ना जिवाणू. पण उद्या डॉक्टरांनी इरिनोटेकॅनचं नाव काढलं तर तिथे मात्र जिवाणूंचा हात आहे: यकृताने निकामी करून आतड्यात सोडलेलं ते औषध काही जिवाणू पुन्हा जागं करतात आणि जबरदस्त जुलाब होतात. तेव्हा प्रश्न विचारशील तो औषधाचं नाव घेऊन विचार.

तुला एक गोष्ट सांगायचीच आहे. या सगळ्या याद्या अमेरिकन, फ्रेंच, इस्रायली पोटांच्या आहेत. इथे पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यांवर वर्षानुवर्षं काम केलंय. २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं की भारतीय आतड्यांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा गटातले जिवाणू ठळकपणे जास्त असतात. त्याआधी २०१२ च्या एका निबंधात त्यांनी एकत्र कुटुंबातल्या तीन पिढ्यांचे जिवाणू तपासले होते: एकच घर, एकच स्वयंपाक, वय मात्र वेगळं. नंदूसारख्या भारतीय रुग्णांचे नमुने असल्या जागतिक अभ्यासांत आले पाहिजेत असं मला तळमळीने वाटतं. नाहीतर ह्यूस्टनच्या पोटासाठी बनलेली जिवाणूंची कुपी उद्या ठाण्यात विकली जाईल आणि ती लागू पडते की नाही हे कुणालाच ठाऊक नसेल.

मग आपण करायचं काय? मीनलशी बोलले ते तुलाही सांगते. ज्वारीची भाकरी, मऊ उसळ, शिजवलेल्या भाज्या, पपई, केळं, पुरेसं पाणी. यांनी त्याचं बद्धकोष्ठ कमी होईल, ही खात्रीची गोष्ट आहे. जिवाणूंचं भलं झालं तर ते वरचं. घरी ताजं लावलेलं, उकळलेल्या दुधाचं ताक त्याच्या डॉक्टरांना चालतंय, मी विचारायला लावलं होतं. रक्ताचे आकडे खाली आले की कच्ची कोशिंबीर आणि बाहेरचं बंद. त्याचं वजन घटू द्यायचं नाही, हे मात्र सगळ्यांत वर. साखर, भात, दूध सगळं तोडून माणूस वाळला तर केमो पेलवत नाही. सर्दी-खोकल्याला मेडिकलच्या दुकानातून आणून अँटिबायोटिक घ्यायचं नाही. आणि डॉक्टरांनी चालू ठेवलेलं सेप्ट्रान कुणाच्याही सांगण्यावरून थांबवायचं नाही. तेही अँटिबायोटिकच आहे, पण लिम्फोसाइट्स उतरलेल्या रुग्णाला एका विशिष्ट न्यूमोनियापासून ते वाचवतं, आणि तो न्यूमोनिया जीवघेणा असतो. जिवाणू वाचवायचे म्हणून सेप्ट्रान बंद केलं, असं एका घरात झाल्याचं मी ऐकलं, तेव्हापासून हे प्रत्येकाला सांगत सुटले आहे. डेक्सामेथासोनचंही तसंच, ते एकदम सोडायचं नसतं.

पुढच्या भेटीला डॉक्टरांना विचारण्यासाठी मीनलला दोन प्रश्न लिहून दिलेत. नंदूच्या गाठीचा एमजीएमटी अहवाल काय आहे, कारण टेमोझोलोमाइड किती लागू पडेल हे त्यावर बरंच ठरतं. आणि त्याला बसेल अशी एखादी चाचणी मुंबईत चालू आहे का. जिवाणूंवरचे उपचार माणसाला मिळायचे तर ते अशाच रीतसर चाचणीतून मिळायला हवेत, जिथे रक्त तपासणारं, ताप आला तर धावणारं कुणीतरी असतं.

तुझ्या मनाची तगमग मला कळते. एवढ्या लांब बसून भावासाठी काहीतरी हातात घेऊन पाठवावंसं वाटतं. पैसे पाठवायचेच असतील तर मीनलला रात्री मदतीला एखादी बाई ठेवता येईल त्याची सोय कर. ती त्या पाच रात्री जवळजवळ झोपत नाही आणि कुणाला सांगतही नाही. नंदूला रोज फोन कर, पण त्याचा शब्द अडला तर तूही थांब, पुरवू नकोस. पुढचा एमआरआय नोव्हेंबरअखेर आहे. त्याआधी यायला जमणार असेल तर तिकीट आताच काढ, उतरायला माझ्याकडे पुण्याला न येता सरळ ठाण्याला जा.

तुझी,
वसुधा

ता.क. बॅगेत कॅप्सूल टाकू नकोस, हे दुसऱ्यांदा सांगते. काही आणायचंच असेल तर नंदूसाठी मऊ लोकरी टोपी आण, शिवण आत नसलेली. टाक्यांच्या जागी त्याला शिवण टोचते.